तान्ह्या बाळाचे वरचे दूध : डब्याकडून गाईकडे केव्हा व कसे जावे?

शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा झाला, तरी आठवीतील एक मुलगी मागे रेंगाळत राहिली. काय हवे, असे विचारता तिने संकोचाने घरची हकीकत सांगितली. तिचा धाकटा भाऊ त्या वेळी नऊ महिन्यांचा होता. बाळंतपणानंतर आई दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळली, अंगावरचे दूध आटले, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळास डब्याचे दूध सुरू झाले. परंतु डबा महाग, आणि महिनाअखेरपर्यंत तो पुरेना. म्हणून घरात भुकटी थोडी कमी व पाणी थोडे अधिक, असा क्रम नकळत सुरू झाला होता. आजी म्हणत, "डब्यात तरी काय असतं, दूधच ना! दारात म्हैस आहे, तिचं पाजा." वडिलांचा ओढा गाईच्या दुधाकडे होता. शेजारीण सांगे की, निम्मे पाणी व साखर घातल्यावाचून वरचे दूध बाळास पचावयाचेच नाही. आता यांतून कोणाचे ऐकावे, हा त्या मुलीचा प्रश्न होता.

प्रश्न तेरा वर्षांच्या मुलीचा असला, तरी तो पोरकट नव्हता. आमच्या बीबीच्या परिसरात आई-वडील सकाळी शेतावर जातात आणि तान्हे मूल आजीच्या व थोरल्या बहिणीच्या हवाली होते. बाळास दूध पाजणारे हात पुष्कळदा आमच्या विद्यार्थिनींचेच असतात. म्हणून त्या दिवशी आम्ही तिला डॉक्टरांकडे पाठविले, व या विषयाचा जो विचार आम्हांस करावा लागला, तो वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे योजिले.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगावयास हवी. आईचे दूध मिळत असेल तर डब्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, त्यानंतर त्याच्या जोडीस घरचे मऊ अन्न द्यावे, आणि अंगावर पाजणे दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश आहे. डबा हा नाइलाजाचा उपाय होय. पुढील विवेचन ज्या बाळांवर तो नाइलाज ओढवला आहे, त्यांच्यासाठी आहे.

आता आजीबाईंचे म्हणणे घेऊ. डब्यात दूधच असते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. बहुतेक डबे गाईच्या अथवा म्हशीच्या दुधापासूनच तयार होतात. पण ते दूध जसेच्या तसे वाळविलेले नसते, तर मानवी बाळास मानवेल असे बदललेले असते. हा बदल का करावा लागतो, हे समजण्यासाठी गोठ्यात जावे. वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते आणि दीड-दोन महिन्यांत त्याचे वजन दुप्पट होते. मनुष्याच्या बाळास वजन दुप्पट करण्यास सुमारे पाच महिने लागतात. ज्याला इतक्या त्वरेने हाडामांसाने वाढावयाचे, त्याचे दूधही तसेच असणार. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १ ग्रॅम प्रथिने असतात, गाईच्या दुधात ३ ग्रॅमहून थोडी अधिक, तर म्हशीच्या दुधात त्याहूनही अधिक असतात. क्षारांचे प्रमाणही गाईच्या दुधात आईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास असते. उलट दुधातील नैसर्गिक साखर आईच्या दुधात सुमारे ७ ग्रॅम व गाईच्या दुधात पावणेपाच ग्रॅमच्या जवळपास असते. प्रत्येक मातेचे दूध तिच्या स्वतःच्या लेकरासाठी घडलेले असते, असाच या आकड्यांचा अर्थ आहे.

हा भेद शास्त्रज्ञांस फार पूर्वी कळला. योहान फ्रान्ट्स सिमोन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये स्त्रीचे दूध व गाईचे दूध यांचे पृथक्करण करून प्रथिनांतील अंतर दाखवून दिले. पुढे १८६० नंतरच्या दशकात युस्टुस फॉन लीबिग व आंरी नेस्ले यांनी तान्ह्या मुलांची तयार अन्ने बाजारात आणली. आपल्या देशात गुजरातेतील आणंद येथे १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचा कारखाना सुरू झाला. म्हशीच्या दुधाची भुकटी होणेच शक्य नाही असे परदेशी तज्ज्ञ म्हणत, पण हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखविली. त्यानंतर म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या पद्धतीने म्हशीच्या दुधापासून बाळाचे अन्नही तयार होऊ लागले. तेव्हा दारातील म्हैस आणि दुकानातील डबा यांचे नाते जवळचे आहे. मात्र मधल्या कारखान्यात प्रथिने व क्षार यांचे प्रमाण कमी करून साखर, स्निग्धांश, जीवनसत्त्वे आणि विशेषेकरून लोह घातलेले असते.

या लोहातच आमच्या विषयाचे मर्म आहे. गाईचे दूध हाडांस पुष्ट करणारे, पण रक्ताच्या बाबतीत फार दरिद्री आहे. त्याच्या एका लिटरात सुमारे अर्धा मिलिग्रॅमच लोह असते, व त्यातीलही अल्प भाग अंगी लागतो. आईच्या दुधातही लोह थोडेच असते, परंतु ते बाळाच्या अंगी पुष्कळ अधिक प्रमाणात लागते. शिवाय पुऱ्या दिवसांचे बाळ जन्मतानाच आईकडून लोहाचा साठा बरोबर आणते. ही शिदोरी सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येते. नेमक्या याच वेळी बाळाचे पोट गाई-म्हशीच्या दुधाने भरले तर तीन प्रकारे हानी होते. दुधात लोह नाही, ही पहिली. दुधातील चुना व प्रथिने इतर अन्नातील लोहही अंगी लागू देत नाहीत, ही दुसरी. आणि एक वर्षाच्या आतील काही मुलांच्या आतड्यांतून अशा दुधामुळे डोळ्यांस न दिसणारा थोडा थोडा रक्तस्राव होत राहतो, ही तिसरी.

अशी मुले वाळलेली दिसत नाहीत, आणि म्हणूनच घरचे लोक फसतात. बाळसे चांगले असते, गाल फुगलेले असतात. परंतु तळहात पांढुरके पडतात, मूल चिडचिडे व मंद होते, खेळण्यात रमत नाही. या रक्तक्षयाचा परिणाम केवळ शरीरावर होत नाही. मेंदूची वाढ ज्या वयात सर्वांत जलद व्हावयाची, त्याच वयात लोह कमी पडले तर पुढे शिकण्यातही मूल मागे पडू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ मधील फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. शंभरात एकोणसत्तर! याची कारणे अनेक आहेत, पण दुधावरच मूल वाढविण्याची समजूत त्यांपैकी एक आहे, हे विसरता कामा नये.

मूत्रपिंडाचाही विचार करावा लागतो. जास्तीची प्रथिने व क्षार बाहेर टाकण्यास पाणी लागते, आणि तान्ह्या बाळाचे मूत्रपिंड त्या कामास अद्याप पुरते समर्थ नसते. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो. त्यातच जुलाब लागले, तर अशा बाळाच्या अंगातील पाणी फार लवकर आटते.

मग दुधात पाणी घालून पाजावे, हा शेजारणीचा उपाय बरोबर ठरत नाही काय? पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतूनही हा सल्ला आढळतो, म्हणून तिला दोष देता येत नाही. परंतु पाण्याने प्रथिने व क्षार कमी होतात, तसा स्निग्धांश व शक्तीही कमी होते. पोट पाण्याने भरते, मूल रडावयाचे थांबते, आणि आपण समजतो की त्याची भूक भागली. वस्तुतः ते अर्धपोटी निजलेले असते. पाणी शुद्ध नसल्यास जुलाबाची भर पडते ती निराळीच. डब्याच्या दुधातही मापाबाहेर पाणी घालणे याच कारणाने घातक आहे. डबा आठ दिवस अधिक पुरावा म्हणून भुकटी कमी करणे म्हणजे बाळाचे जेवण कमी करणे होय. डब्यावर जितक्या पाण्यास जितके चमचे लिहिले असतील, तितकेच घालावेत. चमचाही त्याच डब्यातील असावा व तो सपाट भरावा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गाईचे दूध केव्हा सुरू करावे? साधारण नियम असा की, बाळाचा पहिला वाढदिवस ही मर्यादा मानावी. एक वर्ष पुरे होईपर्यंत आईचे दूध, अथवा ते नसल्यास डब्याचे दूध, हेच पिण्याचे मुख्य दूध असावे. वर्ष पुरे झाल्यावर घरचे दूध द्यावे व डबा बंद करावा. वर्षानंतर 'मोठ्या मुलांचे' म्हणून जे निराळे डबे विकले जातात, त्यांची आवश्यकता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलांस त्यांची शिफारस केलेली नाही. येथे एक अपवाद सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. त्याच मार्गदर्शनात सहा ते अकरा महिन्यांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांस डब्याचे किंवा जनावराचे दूध यांपैकी कोणतेही देता येते, असे म्हटले आहे. म्हणजे ज्या घरात डबा खरोखरच परवडत नाही, तेथे पाणचट डबा पाजण्यापेक्षा सहाव्या महिन्यानंतर नीट उकळलेले गाईचे दूध पाजणे पत्करावे. मात्र त्याच्या जोडीस लोहयुक्त अन्न व लोहाचे औषध यांची व्यवस्था डॉक्टरांस विचारून केलीच पाहिजे. सहा महिन्यांच्या आतील बाळास हा अपवाद लागू नाही.

वयाप्रमाणेच बाळाची तयारीही पाहावी. ते बसू लागले आहे काय, घरचे मऊ अन्न दिवसातून तीन-चार वेळा खाते काय, हे पाहावे. उष्टावणाचा विधी सहाव्या-सातव्या महिन्यात थाटाने होतो, पण पुष्कळ घरी त्या दिवशीच्या चमचाभर खिरीनंतर अन्नाचे नाव नसते व दुधावरच वर्ष निघते. तसे होऊ देऊ नये. वरणात कुस्करलेली ज्वारीची मऊ भाकरी, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, त्यात चिमूटभर बारीक चिरलेली मेथी किंवा पालक, वर तेलाची धार व लिंबाचे दोन थेंब, हे सामान्य घरातील अन्नही बाळास पुरेसे राजस आहे. लिंबामुळे अन्नातील लोह अधिक अंगी लागते. ज्यांच्या घरी चालते, त्यांनी अंडे व बारीक केलेले मांस अवश्य द्यावे, कारण मांसातील लोह सर्वांत सुलभतेने अंगी लागते. चहा मात्र बशीभरही देऊ नये.

आता रीत सांगतो. बाळ निरोगी असता बदल आरंभावा. ताप, जुलाब किंवा अंग भाजून काढणारा उन्हाळा चालू असल्यास आठ-पंधरा दिवस थांबावे. पहिले तीन दिवस दुपारच्या एकाच वेळेस गाईचे दूध द्यावे व बाकीच्या वेळी पूर्वीचे चालू ठेवावे. ते मानवल्यास पुढील तीन दिवस दोन वेळा द्यावे. असे करीत आठ-दहा दिवसांत सर्व वेळा बदलाव्यात. चवीच्या फरकामुळे बाळ तोंड फिरवील, तर डब्याचे दूध नेहमीप्रमाणे पाण्यात तयार करून त्याच्या तीन भागांत एक भाग उकळून निवविलेले गाईचे दूध मिसळावे. दोन-तीन दिवसांनी निम्मे-निम्मे, आणि नंतर एकास तीन. मात्र पाण्याऐवजी गाईच्या दुधातच भुकटी कालवू नये, कारण ते मिश्रण बाळास फारच जड होते. ज्या बाळाने डब्याचे दूध निर्वेध पचविले आहे, त्याला गाईचे दूध सहसा सोसते, कारण दोहोंतील प्रथिनांचे मूळ एकच आहे. तरीही अंगावर गांधी उठणे, वारंवार उलट्या, परसाकडेस रक्त पडणे, अथवा श्वास घरघरणे यांपैकी काही दिसल्यास दूध थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

दूध कोणते, याविषयीही घरोघर मतभेद असतात. वर्षानंतर गाईचे दूध पाणी वा साखर न घालता, सायीसकट द्यावे. दोन वर्षांच्या आत साय काढण्याचे कारण नाही. म्हशीचे दूध याच वयात चालते, पण त्यातील स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीस टेकतो. म्हणून ते तापवून, निववून, वर आलेली दाट साय काढून द्यावे. पाणी घालण्याची गरज नाही. शहरात पिशवीचे दूध घेणाऱ्यांनी पिशवीवरील आकडे वाचावेत. 'टोन्ड' दुधात ३ टक्के व 'डबल टोन्ड' दुधात दीड टक्काच स्निग्धांश असतो. दोन वर्षांच्या आतील मुलांस डबल टोन्ड दूध देऊ नये. हे टोन्ड दूध १९४६ च्या सुमारास मुंबईत दारा खुरोडी यांनी प्रचारात आणले. म्हशीचे दूध थोडक्या खर्चात अधिक लोकांस पुरावे, हा त्यामागील हेतू होता. शेळीचे दूध हलके म्हणून त्याची कीर्ती आहे, पण त्यात फॉलिक आम्ल फारच थोडे असते. केवळ त्याच्यावर वाढलेल्या मुलास निराळ्या प्रकारचा रक्तक्षय होतो. आणि डब्यातील गोड आटविलेले दूध हे मिठाईचे साहित्य आहे, बाळाचे अन्न नव्हे.

दूध कोणत्याही जनावराचे असो, निरसे पाजू नये. धारोष्ण दूध अमृत होय, अशी जुनी समजूत आहे. परंतु जनावरांचा क्षयरोग व ब्रुसेला जंतूंचा ताप हे रोग कच्च्या दुधातूनच माणसास होतात. गाढविणीचे चमचाभर कच्चे दूध बाळास औषध म्हणून पाजण्याची चाल काही गावांत आहे, तीही याच कारणाने त्याज्य आहे. दूध ढवळत ढवळत उकळी आणावी, झाकून निववावे, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पुन्हा तापवावे. पाजून उरलेले उष्टे दूध पुढील वेळेसाठी ठेवू नये. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले कितीतरी चांगले, कारण बाटलीच्या बुचात व रबरात जंतू दडून राहतात, वाटी मात्र राखेने अथवा साबणाने घासून उकळता येते. वर्ष झाले की बाळास पेल्याची सवय लावावी. बाटली तोंडात ठेवून झोपविल्याने दात किडतात.

किती दूध द्यावे? वर्षानंतर दिवसाकाठी ४०० ते ५०० मिलिलिटर, म्हणजे लहान पेल्याने दोन-तीन पेले, पुरे. मूल जेवत नाही म्हणून दूध वाढवावे, आणि दूध वाढले म्हणून त्याने आणखी जेवू नये, हे चक्र अनेक घरी चालते. पहिल्या वर्षात दूध हे मुख्य आणि अन्न त्याचे सोबती. दुसऱ्या वर्षात अन्न मुख्य आणि दूध सोबती. एवढे एकच सूत्र कोणी ध्यानात ठेवले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. लोहाचे पातळ औषधही सरकारी योजनेतून मिळते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांस ते आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर देण्याची व्यवस्था २०१८ पासूनच्या 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' मोहिमेत आहे. आशाताईंकडे त्याची चौकशी करण्यात संकोच मानू नये.

डब्याच्या जाहिरातीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथे 'दूध आणि हत्या' अशा कठोर मथळ्याचे भाषण करून, आईचे दूध सोडवून बाळांस अयोग्य दूध पाजावयास लावणाऱ्या प्रचाराचा निषेध केला होता. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १९८१ मध्ये, जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीसाठी आचारसंहिता स्वीकारली. आपल्या देशात १९९२ चा कायदा झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. बाळाच्या डब्याची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे, डब्यावर बाळाचे वा मातेचे चित्र छापणे, या गोष्टींस त्याने बंदी आहे. तेव्हा कोणी फुकट डबा देऊ लागल्यास तो उपकार समजू नये. उलट, खऱ्या उपकाराचे उदाहरण मुंबईत आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी स्थापन केली. ज्या मातांस दूध जास्त येते, त्या ते देतात, आणि अशक्त अकाली जन्मलेल्या बाळांस ते पाजले जाते. आशियातील अशी ती पहिली पेढी होय.

बीबीहून पश्चिमेस जाणाऱ्या रस्त्यावर सिंदखेड राजा आहे. तेथे जन्मलेल्या जिजाऊंचेच नाव महाराष्ट्राने २००५ मध्ये सुरू केलेल्या माता व बालकांच्या पोषणाच्या मिशनास दिले. त्यांच्या मुलखात राहणाऱ्या आम्हांस या नावाचा अभिमान वाटतो. पण अभिमान वाटीत पडत नाही, वाटीत अन्न पडावे लागते.

त्या मुलीच्या घरी पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. डॉक्टरांनी बाळाचे रक्त तपासले. ते कमी भरले. त्यांनी लोहाचे औषध दिले, डबा मापाने पाजण्यास सांगितले, आणि दिवसातून तीन वेळा वरण-भाकरी सुरू करविली. अन्न वाढले तसे दूध कमी लागू लागले व डबा महिनाभर पुरू लागला. वर्ष भरताच सांगितलेल्या रीतीने घरचे दूध सुरू झाले. आजीबाईंची म्हैस अखेरीस कामास आली, केवळ तिची वेळ तीन महिने पुढे गेली. परवा ती मुलगी भावास कडेवर घेऊन शाळेच्या फाटकाशी आली होती. त्याच्या हाती भाकरीचा तुकडा होता, आणि तो आम्हांस देण्यास त्याने साफ नकार दिला.

विद्यार्थिनींनो व विद्यार्थ्यांनो, घरातील तान्हे मूल तुमच्या मांडीवर असेल, तेव्हा मापाचा चमचा तुमच्या हाती असतो. तो सपाट भरा. आणि वडील माणसे निराळे सांगत असतील, तर वाद न घालता हा लेख त्यांना वाचून दाखवा.